टेरॅनोडॉन मेस, शुद्ध शाकाहारी

कंधारच्या बस स्टँडसमोर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे. पाटीवर 'डॉ. सोमेश' असं लिहिलेलं आहे. माझ्या गावाकडची, उमरीची माणसं मात्र अजून 'सोमेश दाताला लागला' असंच म्हणतात. कुणी पोलिसात लागतो, कुणी एसटीत लागतो, तसा मी दाताला. लातूरला दोन वर्षं ट्यूशन लावून, त्यात एकदा रिपीट मारून, एमबीबीएसला थोडे मार्क कमी पडले की माणसाचं जे होतं ते माझं झालं. त्याचं मला आता फारसं काही वाटत नाही. ज्याचं वाटतं ती गोष्ट वेगळी आहे, आणि तिला आठ वर्षं झाली.

मी कावेरीबाईंना एक नाव ठेवलं होतं.

कावेरीबाई लातूरच्या ट्यूशन एरियात मेस चालवतात. मूळच्या रेणापूर तालुक्यातल्या. मुलाला शिकवायचं म्हणून नवरा-बायकोंनी लातुरात खोली केली, आणि नुसतं बसून करायचं काय म्हणून शेजारच्या दोन पोरांना डबा दिला. मुलगा बारावीनंतर शिकायचं सोडून पुण्याला कंपनीत लागला. डब्याची पोरं मात्र दोनाची शंभर झाली. 'एक लेकरू शिकवायला आलो आन दुनियेची शिकवून काढली,' असं त्यांचे यजमान बजरंगकाका कांदा चिरता चिरता सांगायचे. डोळ्यांत कांद्याचं पाणी असायचं, त्यामुळे ही तारीफ आहे की तक्रार, ते आम्हाला कधी कळलं नाही.

बाई ठेंगणी आणि काटक. केसांचा अंबाडा मागं इतका उंच बांधलेला की बाजूनं पाहिलं तर डोकं मागूनही टोकदार वाटावं. तोंडात दात एकही नाही. बाराव्या वर्षापासून हिरड्यांना मिश्री चोळलेली. पन्नाशी यायच्या आत एकेका दातानं रामराम ठोकला. तरी वरणात कुस्करलेली भाकरी हिरड्यांवर दाबून त्या आमच्या आधी जेवण उरकायच्या. ताटात अन्न टाकून उठलेलं त्यांना खपत नसे. कुणी पोळीचा तुकडा ठेवून उठला की एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात पदराचं टोक, असे दोन्ही हात पसरून त्या दार अडवून उभ्या राहायच्या. अठरा-एकोणीस वर्षांची, बापाला न घाबरणारी पोरं तिथून मुकाट मागं वळून तुकडा संपवायची.

दुसरी एक खोड त्यांना होती. ती मात्र त्या वस्तीत कुणालाच नव्हती.

लातूरचा पोरगा जेवतानाही पाठ करतो. डाव्या हातात चिठ्ठी, उजव्या हातात घास, आणि तोंडानं बायोलॉजीचा जप. आमच्या त्या जपात एखादा मोठा शब्द आला की बाई वाढता वाढता थांबायच्या.

"अर्थ काय रे त्येचा?"

"परीक्षेला नाही मावशी."

"परीक्षेला न्हाई म्हून अर्थबी न्हाई का?"

चार पर्यायांतला बरोबर गोल काळा करायचा, तीन तासांत किती गोल काळे होतात त्यावर माणसाची किंमत ठरायची, तिथं शब्दाचा अर्थ शोधत बसणं म्हणजे चालत्या एसटीतून उतरून रस्त्याचं नाव वाचणं. सगळ्या ट्यूशन एरियात शब्दाचा अर्थ विचारणारं एकच माणूस होतं, आणि ते चौथी पास होतं.

बाईंनी शेवटी सौदा ठरवला. जो अर्थ आणून देईल त्याला वरणावर जादा तूप. मला तूप आवडायचं आणि माझ्याकडे नेट पॅक होता, त्यामुळे मी मेसचा अर्थ पुरवणारा झालो. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे धागा आणि दाणा, हे मी आणलं. बाई म्हणाल्या, "म्हंजी शेवया आन साबुदाना." होमो सेपियन्स म्हणजे शहाणा माणूस, हेही मीच आणलं. त्यावर त्यांनी थोडा विचार केला.

"हे नाव ठिवलं कुनी?"

"माणसानंच."

"मंग बरोबर हाय," म्हणाल्या, आणि तूप वाढून पुढं गेल्या.

ही खोड कुठून आली ते एका रविवारी कळलं. रविवारी सकाळी मेसवर मुरमुऱ्यांचा सुशीला असायचा आणि टेस्ट नसायची, त्यामुळे बाईंशी बोलायला सवड मिळे. कुणीतरी विचारलं, मावशी, कावेरी हे नाव माहेरचं का? बाई म्हणाल्या, न्हाई, माहेरचं राजकन्या. आम्ही हसलो. त्याही हसल्या. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. ते नाव सासूनं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. राजकन्या म्हणून हाक मारली तर ती शेण कशाला काढेल, असं सासूचं म्हणणं. आणि मग कावेरीच का, तर त्या वर्षी त्यांनी कावेरी नावाची म्हैस विकली होती आणि घरातल्या सगळ्यांच्या तोंडात ती हाक बसलेली होती.

"लई दुधाची म्हस व्हती म्हनं," बाई म्हणाल्या. "मी आल्यावर चार-पाच वर्सं तिची याद काढायचे. कावेरी म्हनले की मला कळायचं न्हाई, मला बोलावून राहिले का तिला."

हे त्यांनी हसत सांगितलं म्हणून आम्हीही हसत ऐकलं. तेव्हा मला एवढंच कळलं की बाई गमतीशीर आहे. बाकीचं कळायला दातांचा डॉक्टर व्हावं लागलं.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मेसच्या भिंतीवर एका क्लासनं फुकट वाटलेला तक्ता होता. त्यात डायनोसॉरांची वंशावळ काढलेली, आणि वरच्या कोपऱ्यात एक पंखवाला, लांब चोचीचा, डोक्याला मागं तुरा असलेला प्राणी: टेरॅनोडॉन. खरं तर तो डायनोसॉर नव्हेच. उडणारा सरपटणारा प्राणी, भावकीतला म्हणा. पण आमच्याकडे वंशावळीत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही यावर फार वाद घालत नाहीत, म्हणून तोही खपून गेला होता.

त्या दिवशी सकाळच्या टेस्टचे मार्क लागले होते. माझे इतके कमी पडले होते की उमरीला फोन करून सांगायची हिंमत होईना. पोळी उतरेना. अर्धी ताटात ठेवून उठलो, तर दारात बाई. एक हात उलथन्याचा, एक पदराचा, मागं टोकदार अंबाडा, आणि ओरडताना उघडलेलं बिनदाताचं तोंड. शंभर पोरांदेखत त्यांनी मला परत बसवलं. मी बसलो. समोर तक्ता होता. त्या प्राण्याच्या नावाचा अर्थ मी दोनच दिवसांपूर्वी तुपासाठी शोधून ठेवला होता, अजून सांगितला नव्हता. टेरॉन म्हणजे पंख, अनोडॉन म्हणजे बिनदाताचा. ग्रीक.

मी शेजारच्यांना ऐकू जाईल इतपत म्हणालो, "टेरॅनोडॉन. पंख हायत, दात न्हाईत."

आमच्या ओळीतली पाचसहा पोरं ताटात तोंड घालून हसली. मार्कांचं दुःख तेवढ्यापुरतं उतरलं. माणूस पडला की आपल्याहून खाली कोण आहे ते आधी बघतो, आणि त्या वस्तीत आमच्याहून खाली फक्त वाढणारी बाई होती.

नाव दोन दिवसांत शंभर पोरांत गेलं. अर्थ मात्र ओळीबाहेर फारसा गेला नाही, कारण तो परीक्षेला नव्हता. मुलींचे डबे हॉस्टेलला जात, तिकडेही 'आज टेरॅनोडॉननं काय दिलं' सुरू झालं. तिसऱ्या दिवशी ते बाईंच्या कानावर गेलं. त्या सरळ माझ्याकडे आल्या, कारण अर्थाचं खातं माझ्याकडे होतं.

"टेरॅनोडॉन कोन रे?"

नाव त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारलं. आमच्यातल्या निम्म्यांना तसं येत नव्हतं.

"तुम्हीच मावशी," मी म्हणालो.

"अर्थ?"

"आभाळाची राणी."

का कोण जाणे, ते माझ्या तोंडून पटकन गेलं. त्यांनी सांगितलेली राजकन्या कुठंतरी डोक्यात असावी. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्या वरणावर तूप घातलं, आणि जाता जाता वळून परत एकदा घातलं. शेजारच्या पोरानं टेबलाखालून मला लाथ मारली. ते तूप मी खाल्लं.

पंधरा दिवसांनी मेसवर फ्लेक्स लागला.

तोवर मेसला नावच नव्हतं. ट्यूशन एरियात अन्नपूर्णा नावाच्याच मेस पायलीच्या पन्नास होत्या. आमची 'बजरंगकाकांची' म्हणून चालायची. आता पाच बाय तीनचा रंगीत फ्लेक्स: वर 'टेरॅनोडॉन मेस', खाली 'शुद्ध शाकाहारी', डाव्या बाजूला ओठ घट्ट मिटलेल्या कावेरीबाईंचा फोटो आणि उजव्या बाजूला पंख पसरलेला, जन्मभर मासे खाऊन जगलेला तो प्राणी. एका कोपऱ्यात 'प्रो. प्रा. सौ. कावेरीबाई बजरंग'. फ्लेक्सवाला नरसिंग आम्हाला नंतर म्हणाला की एवढं अवघड नाव त्यानं जन्मात छापलं नव्हतं, पण बाईंनी एकेक अक्षर तपासून घेतलं.

आम्ही सहा जण फ्लेक्सखाली उभे होतो. आता कुणी हसत नव्हतं. हसण्यासारखी गोष्ट चारचौघांत लावली की ती हसण्यासारखी राहत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपण ज्या बाईच्या हातचं दोन वेळा खातो तिला आपण भर रस्त्यावर बोळकी म्हणून टांगलंय, आणि ती त्याखाली उभी राहून फोटो काढून घेतेय. मी ठरवलं, उद्या सांगायचं. उद्या टेस्ट होती. परवा ठरवलं, तर परवा रिव्हिजन. असं करत करत परीक्षा आली.

आणि दुर्दैव असं की मेस त्या नावानं चालली. चालली म्हणजे धावली. गावाकडून पोरांना सोडायला आलेले आईबाप फ्लेक्स वाचून म्हणायचे, इथं जेवणातही बायोलॉजी हाय. पुढच्या वर्षी पलीकडच्या गल्लीत 'ट्रायसेराटॉप्स टिफिन्स' निघालं आणि चार महिन्यांत बंद पडलं. एका क्लासच्या संचालकांनी तर वार्षिक कार्यक्रमात कावेरीबाईंना शाल आणि नारळ दिला. स्वतः पंधरा वर्षं बायोलॉजी शिकवलेला तो माणूस माइकवर म्हणाला, टेरॅनोडॉन म्हणजे उंच भरारी, आणि हीच लातूरची खरी ओळख. टाळ्या पडल्या. मी तेव्हा दुसऱ्या शहरात दंत महाविद्यालयात होतो. तो व्हिडिओ मला कुणीतरी पाठवला. समोर बसलेल्या दोन-तीनशे लोकांत एकालाही अर्थ माहीत नव्हता, याचा मला आनंद झाला. मराठवाड्याच्या शिक्षणाची ही दशा पाहून कुणाला आनंद झाला असेल तर तो मला एकट्याला.

कारण भीती होतीच. कुणीतरी, कधीतरी, चारचौघांत बाईंना खरा अर्थ सांगेल. सांगणाऱ्याला मजा येईल. आणि त्या क्षणी बाईंना समजेल की जे एक नाव त्यांनी आयुष्यात स्वतःहून लावून घेतलं, तेही त्यांना चिडवायलाच ठेवलेलं होतं, आणि ठेवणारा तोच, ज्याला त्यांनी दोनदा तूप वाढलं. त्याआधी मीच सांगायला हवं होतं. एवढं एकच काम होतं. आठ वर्षं मी ते केलं नाही.

वर त्या बाईनं मला उपकारातच ठेवलं. निकाल लागला तेव्हा आमच्या घरी दोन दिवस चूल पेटली होती की नाही, आठवत नाही. वडील, दगडोबा त्यांचं नाव, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "लागला, पर दाताला." कावेरीबाईंनी फोन करून एकच विचारलं: नावाच्या आधी डाक्टर लिहिता येतंय का? मी हो म्हणालो. "मंग रडायलास कामून," म्हणाल्या, आणि बजरंगकाकांबरोबर एसटीनं उमरीला धपाट्यांचा डबा पाठवला. मला त्या वर्षी मिळालेलं अभिनंदन तेवढंच.

कॉलेजात असताना मी त्या नावाच्या मागं लागलो. अपराधी माणूस लायब्ररीत बरा अभ्यास करतो. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेत, खडूच्या खडकात, आधी नुसती पंखांची हाडं सापडली. त्यांच्याजवळ एक दात पडलेला होता, तो शोधणाऱ्या प्राध्यापकानं या प्राण्याचाच धरला. तो निघाला माशाचा. काही वर्षांनी कवटी मिळाली आणि लांबलचक जबड्यात दात एकही नाही. तोवर सापडलेल्या त्याच्या भाईबंदांना दात होते, म्हणून याचं नाव पडलं बिनदाताचा पंख. मी विचार करायचो, चोवीस फूट पंख पसरून समुद्रावर उडणारा प्राणी, आणि माणसानं नाव कशावरून ठेवलं, तर त्याच्यापाशी काय नाही त्यावरून.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. म्हणाल्या, आता भात पण नीट चावत न्हाई, तुझ्याकडं येते. लातुरात दातांचे दवाखाने गल्लीगल्लीत आहेत, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मला ठाव हाय.

त्या एकट्याच आल्या, अहमदपूर-लोहा करत, दोन गाड्या बदलून. अठ्ठावन्न वर्षांच्या. अंबाडा पांढरा झालेला, पण उंची तीच. बरोबर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मी माझ्या मनाशी सगळं बसवून ठेवलं होतं: आधी तपासायचं, मग कवळी फुकट करून देणार असल्याचं सांगायचं, आणि त्या खूश झाल्या की त्या खुशीच्या आडोशानं खरं सांगून टाकायचं. भूल देऊन दात काढतात, तसंच. आमच्या धंद्याला याहून धीराची पद्धत माहीत नाही.

खुर्चीत बसवलं. हिरड्या पाहिल्या, मिश्रीनं काळवंडलेल्या, पण टणक. म्हणालो, "पंधरा दिवसांत कवळी देतो मावशी. वरची-खालची दोन्ही. तुमच्याकडून काही घेणार नाही." मापाचा ट्रे तोंडाजवळ नेला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"थांब जरा. आधी एक सांग. दात बसवले तर पाटी बदलावी लागंल का?"

मला काही कळलं नाही. खरं तर कळलं होतं, पण न कळल्यासारखं करणं सोपं वाटलं.

"पाटी कशाला बदलायची?"

"बिनदाताच्या पंखाला दात आल्यावर नाव खोटं पडंल की."

त्यांनी ते अगदी साध्या आवाजात म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का विचारावं तसं. मी ट्रे खाली ठेवला.

"तुम्हाला कुणी सांगितलं? कधी?"

"तवाच," बाई म्हणाल्या. "वांगी घेताना मी चार ठिकानी भाव इचारते. तुझ्या एकट्याच्या बोलन्यावर पाच बाय तीनची पाटी टाकीन व्हय? एकानं सांगितलं आभाळातलं इमान. एकानं सांगितलं जटायू. तिसरा बोललाच न्हाई, पळाला. मंग हॉस्टेलला डबा द्यायला गेले तवा ज्योत्स्नाला इचारलं. ती मोबाइलमधी बघून खरं बोलली. आन बोलून रडायली. तिला म्हनलं, तू कामून रडायलीस, जेव."

ज्योत्स्ना आमच्याच बॅचची. तिनं कधी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे पाटीच्या आधी माहीत होतं."

"हाव."

"मग लावली कशाला मावशी?"

त्या खुर्चीत थोड्या सरळ झाल्या. वर लावलेला माझा दिवा त्यांच्या डोळ्यांवर येत होता, तो मी बाजूला केला.

"चार रोज घास गेला न्हाई मला," त्या म्हणाल्या. "तुमाला वाढत व्हते, पर घरी जाऊन जेवत न्हवते. ह्यांनी इचारलं, सांगितलं न्हाई. काय सांगायचं, लेकरं मला काय म्हनतेत ते? मंग पाचव्या रोजी वाटलं, सासूनं नाव ठिवलं ते म्हशीची याद काढून. माझ्या तोंडाकडं बघितलं बी न्हवतं. तू बघून ठिवलास. वाईट नजरेनं बघितलास, पर बघितलास. दात न्हाईत हे खरं हाय, आन पंख बी त्यातच लिव्हलेले हायत. म्हनलं, आपल्या पाठीमागं हसायलेत तर समोर लावून टाकू. ज्याला हसायचं त्यानं रस्त्यावर उभं राहून हसावं." मग म्हणाल्या, "कुनी हसलंच न्हाई. उलट मला शाल घातली."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "पाटी बदलायची काही गरज नाही."

"त्या टायमालाबी असाच पटकन बोलला व्हतास."

म्हणून मग मी सावकाश, खरं तेवढंच सांगितलं. शास्त्रात नियम आहे, की प्राण्याला एकदा रीतसर नाव दिलं आणि पुढं त्याचा अर्थ चुकीचा निघाला, तरी नाव बदलत नाहीत. मंगोलियात एक जनावर सापडलं, अंड्यांच्या ढिगापाशी. लोकांना वाटलं दुसऱ्याची अंडी चोरायला आलं असेल. नाव ठेवलं 'अंडीचोर'. पुढं सत्तर वर्षांनी कळलं की ती अंडी त्याच्याच जातीची होती. बिचारं बहुतेक आपलीच अंडी राखत असताना मेलं. तरी शास्त्रात ते आजही अंडीचोरच आहे. तेव्हा तुम्ही खुशाल दात बसवा, नाव पक्कं आहे.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. शास्त्राबद्दल त्यांना पहिल्यापासून आदर होता.

"मंग त्या जनावराची माफी कुनी मागितली?"

"कुणी नाही."

"अर्थ कळल्यावरबी न्हाई?"

"नाही मावशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड मिटलेलं, फ्लेक्सवरच्या फोटोत होतं तसंच घट्ट. खाली बस स्टँडवर लोह्याची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडत होतं. त्या वाट बघत होत्या, आणि मला दिसत होतं की त्या एवढ्यासाठीच दोन गाड्या बदलून आल्या आहेत. भात चावत नव्हता, ते खरंच होतं, पण तेवढ्याला लातुरात डॉक्टर होते.

मी तोंडावरचा मास्क काढला, हातमोजे काढले. दारात दुसरा पेशंट गालाला हात लावून उभा होता, त्याला थांबायलाही सांगितलं नाही.

"मावशी, ते नाव मी तुम्हाला हसायसाठी ठेवलं होतं," मी म्हणालो. "अर्थही मीच खोटा सांगितला. तुम्ही वाढलेलं तूप खाल्लं. मला माफ करा."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.

मी माप घेतलं. पहिलं बिघडलं, म्हणून दोनदा घ्यावं लागलं.